सरासरी कमी करून मिळणेबाबत

“चार पॉइंट सत्तर?” अदेगोरोये हेडमास्तर एवढ्या जोरात ओरडले, की अंगणात वाळत घातलेल्या कोनफळाच्या कापांवर टोच मारणारी कोंबडी भिंतीवरून उडून पलीकडे शेजारच्या अल्हाजींच्या आवारात जाऊन पडली. “एवढं शिकवलं ते यासाठी? असे पांग फेडलेस होय गं बापाचे?”

इबिरोंकेने नुकताच गुडघे टेकून बापाला नमस्कार केला होता आणि विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचा निकाल, सायबर कॅफेतून छापून आणलेला, त्यांच्या हातात ठेवला होता. ती अजून गुडघ्यांवरच होती. उठावं की तसंच राहावं, हे तिला कळेना.

“बाबा, चांगले आहेत की,” ती म्हणाली.

“चांगले? चार म्हणजे सी! पाच म्हणजे त्याच्याही खालचा सी! आणि तू त्या दोघांच्या मधे लोंबकळतेयस. अहो, ऐकलंत का? तुमची लेक सी झाली!” हे शेवटचं स्वयंपाकघराकडे तोंड करून. आत इया इबिरोंके, म्हणजे इबिरोंकेची आई, चवळीची भजी तळत होती. तिने झारा खाली ठेवला नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि या घरात कशासाठी झारा खाली ठेवायचा हे तिला नीट कळलं होतं.

हेडमास्तरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ते शालान्त परीक्षेला बसले. त्या परीक्षेत तेव्हाही ए म्हणजे एक होता आणि आजही आहे. बी म्हणजे दोन किंवा तीन, सी म्हणजे चार ते सहा, आणि एफ म्हणजे नऊ. उत्तम सहा विषयांचे आकडे घ्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज जितकी लहान तितका मुलगा मोठा. हेडमास्तरांची बेरीज आठ आली होती. ते प्रमाणपत्र बैठकीत बिशपसाहेबांच्या फोटोच्या वर टांगलेलं होतं. शेजारचे अल्हाजी मुदाशिरू त्यांच्याच वर्गातले. त्यांची बेरीज तेवीस. हा पंधराचा फरक हेडमास्तरांनी पन्नास वर्षांत अल्हाजींना एकदाही विसरू दिला नव्हता.

आणि आता नेमकी तीच कोंबडी काखेत धरून अल्हाजी फाटकातून आत आले. दुसऱ्या हातात झाकलेलं ताट होतं.

“हेडमास्तर, ही तुमची पाहुणी. आणि हे मटण घ्या. मेंढा कापलाय आज. आमच्या कामोरूचा निकाल लागला.”

“किती?” हेडमास्तरांनी विचारलं. न विचारण्याची ताकद त्यांच्यात नव्हती.

“एक पॉइंट बासष्ट,” अल्हाजी म्हणाले. आवाजात नम्रता एवढी होती की ती ऐकवत नव्हती. “पोरगा म्हणाला, ‘बाबा, एक पॉइंट बासष्ट’. मी म्हटलं, अल्ला! ए आणि बीच्या मधे! तुमच्या इबिरोंकेचे किती?”

“अजून लागला नाही,” हेडमास्तर म्हणाले आणि निकाल पाठीमागे धरला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं असत्य असावं. निदान त्यांच्या हिशेबाने तरी.

अल्हाजी गेल्यावर हेडमास्तर ताटाकडे बघत बसले. कामोरू! जो कामोरू दुपारी बारापर्यंत आंब्याखाली घोरत पडतो, ज्याला सहावीत असताना सात आणि आठ यांची बेरीज करायला बोटं पुरली नव्हती, तो एक पॉइंट बासष्ट! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाबा, कामोरू नापास होता होता वाचलाय,” इबिरोंके म्हणाली. “तिथे उलटं असतं. तिथे ए म्हणजे पाच.”

“लोकांच्या मुलांवर जळू नये,” हेडमास्तर म्हणाले. पण एव्हाना त्यांनी चष्मा लावून निकाल नीट वाचायला घेतला होता. आठ विषय. बॉटनी ए, झूलॉजी ए, केमिस्ट्री ए, फिजिक्स बी... त्यांनी खिशातलं पेन काढलं. सहा ए, दोन बी. सहा एके सहा, दोन दुणे चार, झाले दहा. दहा भागिले आठ.

“सव्वा!” ते किंचाळले. “अगं, तुझी सरासरी सव्वा येते! एक पॉइंट पंचवीस! आणि या गाढवांनी चार पॉइंट सत्तर लिहिलंय!”

“बाबा, ऐका ना. ए ला पाच, बी ला चार, मग प्रत्येक विषयाच्या युनिटने, म्हणजे भाराने, गुणायचं, आणि...”

“ए ला पाच? कोण म्हणतं?”

“विद्यापीठ म्हणतं.”

“आणि एफ ला?”

“शून्य.”

“म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याचा आकडा सगळ्यात लहान? आणि हे तुला पटतं?” हेडमास्तर उभे राहिले. “पोरी, तू साधी आहेस. तुला फसवतायत. सव्वा आणलेल्या मुलीला पावणेपाचाच्या घरात नेऊन बसवलं आणि वर सांगतात, उलटं असतं! उद्या सांगतील सूर्य पश्चिमेला उगवतो. ऊठ, रडू नकोस. तुझा बाप अजून जिवंत आहे.”

इबिरोंके खरोखरच रडायला लागली होती. “बाबा, तुम्ही तिथे जाऊ नका. तुमच्या पाया पडते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर सणावाराचा निळा, घोळदार आग्बादा चढवून, टोपी घालून, छत्री घेऊन पहिल्या गाडीने निघाले.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खिडकीसमोर बापांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात अर्ज आणि प्रत्येकाची कहाणी एकच: मुलगा हुशार, पण परीक्षेच्या दिवशी मलेरिया. पुढच्याने तर कागदात गुंडाळलेला कोंबडा आणला होता आणि तो मधूनमधून अर्जाला दुजोरा देत होता. हेडमास्तरांना त्या सगळ्यांची किळस आली. मार्क वाढवून मागतात, लाज वाटत नाही! ते मोठ्याने म्हणालेही तसं. कोंबडेवाल्याने दुसरीकडे बघितलं.

खिडकीत मिसेस ओकुनलोला होत्या. त्या उकडलेल्या शेंगा सोलत होत्या आणि गेल्या बावीस वर्षांत त्यांनी रांगेतल्या कुणाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं.

“किती वाढवायचेत?”

“वाढवायचे नाहीत. कमी करायचेत.”

मिसेस ओकुनलोलांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी सावकाश मान वर केली. “कमी?”

“कमी. चार पॉइंट सत्तर लिहिलंय, ते साफ चूक आहे. एक पॉइंट पंचवीस पाहिजे. मी स्वतः हिशेब केलाय.”

“साहेब, इतकं खाली?”

“जेवढं खरं, तेवढंच. शतांशही इकडे तिकडे नको. मी चाळीस वर्षं मुलं शिकवलीत, बाई. खोटा आकडा माझ्या घरात राहणार नाही.”

मिसेस ओकुनलोलांनी शेंगा बाजूला सारल्या. “मुलीला माहितीये तुम्ही आलात ते?”

“माहितीये. रडत होती. म्हणाली, बाबा, जाऊ नका.”

“रडणारच हो. कॉपी केली असेल बिचारीने, वयच तसं असतं. पण बाप असावा तर असा!”

कॉपीचा उल्लेख हेडमास्तरांच्या कानावर पडला नाही, कारण नेमका तेव्हाच कोंबडा आरवला. मिसेस ओकुनलोला उठून बाहेर आल्या, त्यांनी हेडमास्तरांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि रांगेकडे वळून म्हणाल्या, “बघा! बघा जरा यांच्याकडे!” मार्क वाढवायचे तर विद्यापीठात समिती बसते, तिची उपसमिती बसते आणि कागद सहा टेबलांवर मुक्काम करत जातो. कमी करायला मात्र एक सही पुरते, कारण कमी करा म्हणून आजवर कुणी आलंच नव्हतं. त्यासाठी अडथळे उभारायचं कुणाला सुचलं नव्हतं. हेडमास्तरांनी “सरासरी कमी करून मिळणेबाबत” असा वळणदार अक्षरात अर्ज लिहिला आणि वीस मिनिटांत काम झालं. निघताना मिसेस ओकुनलोलांनी त्यांचं नाव विचारून घेतलं. बुधवारच्या प्रार्थनेत घ्यायचं म्हणाल्या.

घरी येताच हेडमास्तर थेट मधल्या भिंतीपाशी गेले.

“अल्हाजी! लागला बरं का आमचाही निकाल. सव्वा.”

अल्हाजींचा चेहरा उतरला. पण आंब्याखाली आडवा पडलेला कामोरू ताडकन उठून बसला. “सव्वा? काका, इबिरोंकेला? कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोण? मी स्वतः जाऊन करून आणलेत.”

कामोरूने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा हेडमास्तरांकडे. खरं सांगावं तर कालचा मेंढा अंगाशी येणार. न सांगावं तर... “काका,” तो शेवटी म्हणाला, “सव्वा म्हणजे जरा अति होतंय. मी तर म्हणतो पहिला होता तोच आकडा राहू द्या.”

“जळतोयस,” हेडमास्तर समाधानाने म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. इबिरोंके ते ऐकत दारात उभी होती. ती दोन दिवस जेवली नाही. हेडमास्तर बायकोला म्हणाले, आनंदाने भूक मेली असेल.

दुसऱ्या वर्षाची नावनोंदणी सुरू झाली त्या सोमवारी हेडमास्तर मुद्दाम लेकीबरोबर गेले. ती खिडकीकडे धावली. हे सूचनाफलकापाशी थांबले. फलकावर एक यादी होती, आणि यादीत पहिलं नाव: अदेगोरोये इबिरोंके, १.२५. त्याखाली कुणीतरी १.३१, त्याखाली १.४०.

“पहिला नंबर!” हेडमास्तरांनी शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला. “बघा, माझी मुलगी! सगळ्यांत वर!”

त्या बाईने डोळे पुसले. “देव तुम्हाला बळ देवो, बाबा. माझा तिसरा आहे.”

मग हेडमास्तरांनी यादीचा मथळा वाचला. सरासरी दीडच्या आत असल्याने विद्यापीठातून नावे कमी केलेले विद्यार्थी. त्यांनी तो पुन्हा वाचला, चष्मा पुसून वाचला. शेजारी दुसरी यादी होती, विशेष प्रावीण्याची, साडेचारच्या वरच्यांची. तीत सातव्या ओळीत एक नाव होतं, पण त्यावर पांढरा रंग फासला होता. रंगाखालून इबिरोंके ही अक्षरं स्पष्ट दिसत होती.

इबिरोंके परत आली. “बाबा, ते म्हणतात तुझं नावच नाही.” ती भांडली असती तर हेडमास्तरांना बरं वाटलं असतं.

ते तसेच परीक्षा विभागात गेले. मिसेस ओकुनलोला त्यांना बघून हसत उभ्या राहिल्या आणि त्यांचा नवा अर्ज वाचून मटकन खाली बसल्या.

“वाढवून? तुम्हीसुद्धा?”

“बाई, चूक झाली. पहिला आकडाच बरोबर होता.”

“तीन बुधवार!” मिसेस ओकुनलोला म्हणाल्या. “तीन बुधवार मी तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली! माझ्या नवऱ्याला तुमचं उदाहरण दिलं! आणि तुम्ही सव्वावरून चार पॉइंट सत्तरवर? अहो, कोंबडेवालासुद्धा अर्ध्याच पॉइंटसाठी आला होता!”

“पण तुम्ही विचारायला नको का? ए म्हणजे पाच, हे तुम्हाला माहीत होतं ना?” हेडमास्तरांचा पारा चढला. “डोळे मिटून सही ठोकता? हे विद्यापीठ आहे की बाजार?”

“तुम्ही लिहून दिलंत तेच आम्ही केलं. आमची चूक शून्य. आता समिती बसेल पुढच्या शुक्रवारी, आणि त्याच दिवशी चारला नावनोंदणी बंद. समितीपुढे शपथपत्र लागेल, कोर्टाच्या शिक्क्याचं. कारण लिहा: अर्जदाराला हिशेब येत नाही.”

“मला?”

“मग काय मला?”

“बाई, शालान्त परीक्षेत माझी बेरीज आठ आली होती!”

“असेल. आकडा खोटा निघाला तर मुलीचा दोष, हिशेब चुकला तर तुमचा. दोघांतलं एक लिहून आणा.”

हेडमास्तर दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. विद्यापीठावर खटला भरायचं ठरलं, बिशपांना पत्र लिहायचं ठरलं, वर्तमानपत्रात सगळं छापायचंही ठरलं. इया इबिरोंकेने तिसऱ्या दिवशी झारा खाली ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “पोरीचं नाव मोठं की तुमचं आठ?”

ते छत्री घेऊन कोर्टात गेले. तिथल्या कारकुनाने शपथपत्र टंकलं आणि मजकूर तोकडा वाटला म्हणून स्वतःच्या अनुभवाने एक ओळ वाढवली. मग आठवडाभर रोज संध्याकाळी इबिरोंकेने अंगणात चवळीचे दाणे मांडून बापाला शिकवलं. ए ला पाच दाणे, बी ला चार. विषय तीन युनिटचा असेल तर ती रास तीनदा मांडायची. सगळ्या राशी एकत्र करायच्या आणि युनिटांच्या बेरजेने भागायचं. हेडमास्तरांना ते पहिल्याच संध्याकाळी आलं. उरलेल्या संध्याकाळी ते नुसते ही पद्धत किती मूर्खपणाची आहे, हे सांगत होते.

शुक्रवारी समिती तीनला बसायची ती सव्वातीनला बसली. अध्यक्ष होते प्राध्यापक लावानी. हेडमास्तर आत येताच ते खुर्चीतून उठले आणि सुटाबुटासकट जमिनीवर साष्टांग पडले.

“सर! ओळखलंत? ब्याऐंशी साल, तिसरी ब! पाढे चुकलो म्हणून तुम्ही मला फणसाएवढं सुजवलं होतं. आज जो काही आहे तो त्या पाढ्यांमुळे, सर!”

हेडमास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण नियम म्हणजे नियम. प्राध्यापक लावानींनी कपडे झटकले, शपथपत्र उचललं आणि पाच सदस्यांपुढे खणखणीत वाचलं: “मी, साम्युएल अदेगोरोये, वय अडुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापक, शपथेवर लिहून देतो की मला हिशेब येत नाही, पूर्वीही येत नव्हता, व यापुढे मी तो करण्याचा प्रयत्न करणार नाही.”

एक सदस्य खोकला. कोपऱ्यात उभी असलेली इबिरोंके चपलांकडे बघत होती.

“समिती मूळ आकडा कायम करत आहे,” लावानी म्हणाले. “हा मूळ तक्ता. वर्षाच्या अखेरीस मी स्वतः तपासला होता. सर, इथे ‘मान्य’ लिहून सही करा. पोरीला चारच्या आत खिडकीवर पोचायचंय.”

पावणेचार वाजले होते. हेडमास्तरांनी पेन उघडलं. तक्ता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. घरी आला होता त्या कागदावर नुसती अक्षरं आणि खाली एक आकडा होता. इथे सगळं मांडलेलं होतं. बॉटनी, ए, तीन युनिट, पंधरा. बरोबर. झूलॉजी, पंधरा. बरोबर. फिजिक्स, बी, तीन युनिट, दहा.

पेन थांबलं.

बी म्हणजे चार. युनिट तीन. चार त्रिक दहा.

त्यांनी खालची बेरीज पाहिली: चौऱ्याण्णव. शहाण्णव हवी होती. भागिले वीस. चार पॉइंट ऐंशी! आणि त्या तक्त्याखाली ‘हिशेब तपासला, बिनचूक’ असा शेरा, त्याखाली लावानींची लफ्फेदार सही. हेडमास्तरांच्या कानशिलाच्या शिरा टरारून फुगल्या. चार त्रिक दहा! विद्यापीठात! आणि ज्याला त्यांनी स्वतःच्या हाताने, छडी मोडेपर्यंत शिकवलं त्या पोराच्या सहीने!

“काही अडचण आहे का, सर?” लावानींनी आदराने विचारलं.

हेडमास्तरांनी तोंड उघडलं. समोर टेबलावर त्यांचं शपथपत्र होतं, वर कोर्टाचा लाल शिक्का. भिंतीवरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती. चूक दाखवली तर समिती पुन्हा बसणार. कधी, ते देव जाणे. इबिरोंके त्यांच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

“नाही,” हेडमास्तर म्हणाले. “मला कुठे हिशेब येतो.”

त्यांनी चार त्रिक दहाच्या खाली ‘मान्य’ लिहिलं आणि सही केली. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. इबिरोंकेने कागद घेतला आणि ती धावत सुटली.

साडेचारला ती फाटकापाशी आली. हातात दुसऱ्या वर्षाचं ओळखपत्र होतं. हेडमास्तर बाकावर छत्री आपटत बसले होते. दोघं गाडीतळाकडे चालू लागले. निम्म्या वाटेत तिने हळूच विचारलं, “बाबा, फिजिक्सचे दहा धरलेत ना त्यांनी?”

हेडमास्तर जागच्या जागी थांबले. “तुला कुणी सांगितलं? तक्ता तर तू पाहिला नाहीस.”

“कशाला पाहायला हवा? निकाल आला त्याच दिवशी सायबर कॅफेत हिशेब केला होता मी. ऐंशी यायला हवे होते, सत्तर आले. दोन गुण कुठेतरी खाल्लेत हे कळलं. कुठे, ते मघाशी तुमचं पेन थांबलं तेव्हा कळलं.”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं?” हेडमास्तरांचा आवाज चढला. दोन वाटसरू वळून बघायला लागले. “एवढा ढळढळीत अन्याय झाला आणि तू गप्प बसलीस? बापाला सांगायचं सोडून? का नाही सांगितलंस?”

इबिरोंकेने त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि ती नीट मिटली.

“सांगितलं असतं, बाबा,” ती म्हणाली, “तर तुम्ही इथे भांडायला आला असतात.”